पहिल्या आंघोळीची घाई नको

लकडगंजच्या आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत कर्जाचे हप्ते बाजूला राहिले आणि चर्चा रंगली ती बाळाच्या आंघोळीवर. गटातल्या एकीची सून बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली होती. आजी म्हणाल्या, "बाळाला पाणीसुद्धा लावलं नाही, असं पारोसं ठेवतात का?" नर्सबाईंनी तर आंघोळीची घाई करू नका म्हणून बजावलेलं. आता ऐकायचं कोणाचं?

आमचं मत नर्सबाईंच्या बाजूनं आहे, आणि त्याला कारण आहे. आईच्या पोटात बाळ साधारण 37 अंशांच्या उबेत असतं. बाहेर आल्यावर त्याच्या ओल्या अंगातली ऊब झपाट्यानं निघून जाते. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, त्यातून अंगात ऊब येते. नवजात बाळाला तसं नीट जमत नाही. गार पडलेलं बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही. दूध नाही म्हणून रक्तातली साखर उतरते आणि बाळ आणखी गार पडतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पहिली आंघोळ जन्मानंतर किमान 24 तास घालू नये. अंगावरचा तो पांढरा चिकट थर म्हणजे घाण नव्हे, तो कातडीचं रक्षण करतो. रक्त लागलं असेल तर मऊ कापडानं टिपा, थर खरवडू नका. बाळ अडीच किलोच्या आतलं असेल, तर डॉक्टर किंवा आशाताई हो म्हणेपर्यंत आंघोळ नाहीच. फक्त कोमट ओल्या कापडानं पुसायचं.

ही शहाणीव बाहेरून आलेली नाही, आपल्या विदर्भातच ती सिद्ध झाली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाला उबदार ठेवणं, आईचं दूध, वजन, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, हे सगळं त्यांनी घराघरांत जाऊन केलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे 2011 पासून देशभर आशाताई अशाच घरी येऊ लागल्या.

आता आंघोळ घालायची कशी? नाळ पडेपर्यंत बाळाला पाण्यात बुडवू नका, पुसून घ्या. नाळेवर हळद, तेल, राख काही लावायचं नाही. ती कोरडी राहिली की आपोआप गळून पडते. नंतर दुपारची ऊन असलेली वेळ निवडा. डिसेंबर-जानेवारीत आपल्या नागपूरची पहाट कशी असते ते सांगायला नको. दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा, टॉवेल, झबलं, टोपडं आधीच हाताशी ठेवा. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, मग गरम. बाळ मांडीवर असताना वरून कढत पाणी ओतायचं नाही. आपले हात चुलीपाशी काम करून राठ झालेले, त्यांना कढत पाणीही कोमट वाटतं. म्हणून कोपर बुडवून बघा. पायावर पालथं घेऊन आंघोळ घालायची आपली रीत चालेल, पण नाक-तोंड पाण्याखाली जाऊ देऊ नका. पाच मिनिटांत उरका. मुलीला पुढून मागे धुवा. मुलाच्या शूची कातडी मागे ओढू नका. साबण रोज नको. डोकं सगळ्यात शेवटी भिजवा आणि सगळ्यात आधी कोरडं करा. मग लगेच छातीशी घेऊन पाजा.

आजींचं मालिश आम्हाला मोलाचं वाटतं. हलक्या हातानं, खोबरेल तेलानं खुशाल करा. पण नाकाकानांत तेल सोडणं, फुंकर मारणं, लव काढायला बेसन घासणं आणि काजळ, हे मात्र बंद करायला हवं. आमच्याकडे आरा मशीनच्या ढलप्या सहज मिळतात, त्यामुळे पाणी तापवायची अडचण नाही. पण तोच जाळ शेगडीत भरून बंद खोलीत शेक-धुरी देतात, त्याची आम्हाला भीती वाटते. त्या धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही.

आंघोळीनंतर बाळाचं पोट आणि तळपाय हात लावून पाहा. दोन्ही गार लागले तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. तरी ऊब येत नसेल, बाळ दूध ओढत नसेल, रडणं क्षीण झालं असेल किंवा नाळेभोवती लाली-पू दिसत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. 102 ला फोन करा, गाडी फुकट येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्या येतील तेव्हा आजींनाही शेजारी बसवून घ्या, कारण आंघोळ बहुतेक घरांत त्याच घालणार आहेत.