एक नाव, पाच चाफे : सपुष्प वनस्पतींची ओळख

गावातील वनस्पतींची यादी करावयास बसले की ‘चाफा’ हे नाव चटकन लिहिले जाते. परंतु तेवढ्या नोंदीवरून कोणती वनस्पती अभिप्रेत आहे हे कळत नाही. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा आणि भुईचाफा या साऱ्यांना मराठीत चाफाच म्हणतात. शास्त्रदृष्ट्या मात्र त्या पाच निरनिराळ्या कुळांतील वनस्पती आहेत. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्यामुळे वनस्पतींची अचूक ओळख हा विषय आता केवळ अभ्यासकांपुरता उरलेला नाही.

फुलाचे कार्य

ज्यांचे बी फळाच्या आवरणात तयार होते, त्या वनस्पतींना आवृतबीज किंवा सपुष्प वनस्पती म्हणतात. जगात त्यांच्या सुमारे तीन लाख जाती ज्ञात आहेत. फुलात बाहेरून आत निदलपुंज, दलपुंज, पुमंग आणि जायांग अशी सामान्यतः चार मंडले असतात. पुमंगातील पराग वारा, पाणी, कीटक किंवा पक्षी यांच्यामार्फत कुक्षीवर पोहोचतात. तेथे परागकणातून नलिका निघून ती बीजांडापर्यंत जाते. तिच्यातील एका पुंयुग्मकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण बनतो; दुसऱ्यापासून भ्रूणाला पोसणारा अन्नसाठा तयार होतो. हे द्विफलन सपुष्प वनस्पतींचे वैशिष्ट्य होय. गहू, ज्वारी व भात यांच्या दाण्यांतील पिष्ट म्हणजे मुख्यत्वे हाच साठा आहे.

वर्गीकरणाचा आधार

स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये वनस्पतींसाठी दोन शब्दांच्या नावाची पद्धत सर्वत्र वापरली. पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा निदर्शक असतो. जवळच्या जातींची प्रजाती, प्रजातींचे कूळ आणि कुळांचा गण अशी ही चढती मांडणी आहे. सोनचाफ्याचे नाव त्यांनी ‘मायकेलिया चंपका’ असे ठेवले होते. आज तो ‘मॅग्नोलिया चंपका’ म्हणून ओळखला जातो. प्रजाती बदलली, तरी ‘चंपक’ या भारतीय नावाची खूण कायम राहिली.

पूर्वी बीजपत्रे, पानांच्या शिरा व फुलांची रचना यांवरून एकदल आणि द्विदल असे दोन मोठे भाग करीत. १९९८ पासून आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवर आधारलेली मांडणी रूढ होत गेली. तिच्यानुसार सोनचाफा व हिरवा चाफा यांचा गट खऱ्या द्विदल वनस्पतींपासून वेगळा मानला जातो.

पाच चाफ्यांची पारख

सोनचाफ्याच्या फुलात सुट्या व अनेक पाकळ्या असतात. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातील असून त्याच्या सहा पाकळ्या तीन-तीनच्या दोन मंडलांत असतात. हे दोन्ही चाफे एकाच गणातील आहेत. नागचाफ्याला चार पांढऱ्या पाकळ्या व मध्ये पिवळ्या केसरांचा गुच्छ असतो. पूर्वी तो कोकमाच्या कुळात गणला जाई. आता उंडीच्या कुळात धरला जातो. पांढऱ्या चाफ्याच्या पाच पाकळ्या तळाशी जुळलेल्या असतात व फांदी मोडताच चीक येतो. तो मूळचा अमेरिका खंडातील असून त्याचे कूळ कण्हेरीचे आहे. भुईचाफा हा तर वृक्षच नव्हे. हळद व आले यांच्या कुळातील ही एकदल वनस्पती असून तिची फुले पानांआधी जमिनीतून वर येतात.

नोंदीचे महत्त्व

कूळ कळले की गुणधर्मांचा अंदाज बांधता येतो. कण्हेरीच्या कुळातील अनेक वनस्पती विषारी आहेत. कडधान्यांच्या कुळातील बहुतेकांच्या मुळांवरील गाठी जमिनीत नत्र साठवितात. औषधी उपयोगाच्या नोंदीत केवळ ‘चाफा’ असे लिहिल्यास एका वनस्पतीचा गुण दुसरीच्या नावावर जाण्याचा, प्रसंगी अपायाचाही, संभव असतो.

यासाठी प्रत्येक नोंदीत स्थानिक नावाबरोबर पानांची मांडणी, चीक आहे की नाही, पाकळ्यांची संख्या, फळाचे स्वरूप व फुलण्याचा काळ नमूद करावा. शाळेतील शिक्षक व विद्यार्थी हे काम सहज करू शकतील. वाळविलेला नमुना जोडल्यास जाणकारांना शास्त्रीय नाव निश्चित करता येईल. गावातील वयोवृद्धांना ठाऊक असलेले नाव आणि शास्त्राने दिलेले नाव शेजारी-शेजारी लिहिले गेले, तरच ती नोंद पुढील पिढीच्या उपयोगी पडेल.