दोन बोटं लोखंड

सकाळी ६.१५
डेट्रॉइटच्या उत्तरेला पाँटिअ‍ॅक गाव. तपासनीस पिकअपमध्ये सामान टाकतोय. बॅटरी, दांडीवरचा आरसा, लोहचुंबक, रंगाची जाडी मोजायचं मीटर, लवचिक नळीचा कॅमेरा, ब्रेक क्लीनरचा डबा, चिंध्या, आडवं झोपून गाडीखाली सरकायची चाकांची फळी. वय अडुसष्ट. उमेदीची वर्षं मोटार कारखान्यात गेली, आता जुन्या गाड्या तपासून देतो. फी ६५० डॉलर, पेट्रोल वेगळं. गाडी खरी निघो की खोटी, फी तेवढीच. गाडी घ्यायचीय माझ्या मित्राला. तो मूळचा पुण्याचा, नोकरी ट्रॉयला. आज त्याला सुट्टी नाही, म्हणून मी. "तू फक्त बघ, मधे बोलू नकोस," एवढी ताकीद देऊन पाठवलंय.

सकाळी ७.२०
आय-७५ वरून दक्षिणेला, टोलेडोकडे. गाडी १९७० ची शेव्हरोले शेवेल एसएस, ४५४ घनइंची एलएस-६ इंजिन, कारखान्याने सांगितलेली ताकद ४५० अश्वशक्ती. एल कमिनो धरून एलएस-६ निघाल्या ४,४७५. मागणी १,३५,००० डॉलर. गोम अशी की त्या वर्षी एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, मालिबूवर पैसे भरून घ्यायचा पर्याय होता. चासी नंबर सांगतो ते इतकंच: व्ही-८ मालिबू कूपे, अमुक कारखाना. म्हणजे साध्या मालिबूला पट्टे मारले, एसएसची चिन्हं लावली, की नंबरावरून कुणी ओळखणार नाही. चिन्हं, पट्टे, डॅशबोर्ड, सगळं नवं करकरीत विकत मिळतं.

सकाळी ८.३५
विकणारा दारातच उभा. कॉफी देतो. गाडी लाल, काळे पट्टे, काचेसारखी पॉलिश. तपासनीस वाहवा करत नाही. मीटर पत्र्याला टेकवत चालतो. १४०, १६०, १५०. मागच्या उजव्या चाकावर एकदम १,१००. तिथे पुट्टी आहे. वहीत नोंद, चेहऱ्यावर काही नाही. पन्नास वर्षांच्या गाडीला एवढं चालतं, असं मला नंतर म्हणाला.

सकाळी ९.१५
डॅशवरचा नंबर १३६३७०बी असा सुरू होतो. बी म्हणजे बाल्टिमोर. बॉनेटखाली, काचेच्या पुढच्या पत्र्यावर बॉडीची पट्टी आहे, तिच्यावर ०३सी. मार्चचा तिसरा आठवडा. ही तारीख त्याने वहीत मोठ्या अक्षरात लिहून चौकट केली.

सकाळी ९.४०
आता खरं काम. इंजिनाच्या ब्लॉकच्या पुढच्या टोकाला, उजव्या हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या आड एक सपाट जागा असते. दोन बोटं रुंद असेल. तिच्यावर नारिंगी रंगाचा थर आहे. विकणाऱ्याची परवानगी घेऊन ब्रेक क्लीनर मारला, चिंधीने पुसलं, पुन्हा मारलं. अक्षरं वर आली: टी०३११सीआरव्ही. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा इंजिन कारखाना, ११ मार्च, आणि सीआरव्ही म्हणजे हातगिअरची एलएस-६. शेजारी गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे, तेही जुळतात. विकणारा हसला. मलाही हायसं वाटलं.

तपासनीस मात्र हलेना. बॅटरी तिरकी धरली, मग अजून तिरकी. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोच यंत्राने तासायचे, त्याच्या बारीक रेघा इंजिनाच्या लांबीत सरळ, समांतर जातात. त्या रेघांवर छाप मारलेला असतो. इथे रेघा आहेत, पण मधेच वाकतात, एकमेकींना छेदतात. कुणीतरी हाताने पॉलिश पेपर ओढलेला. इंजिन दुरुस्तीत माथा घासला तर रेघा जातात, हे खरं. पण मग छापही जायला हवा. अर्धा तास तो तिथेच वाकून होता. फोटो काढले बावीस.

सकाळी ११.००
गाडी जॅकवर, स्टँड लावून. फळीवर झोपून तो खाली सरकला, मी बॅटरी धरली. गिअरबॉक्सवरचे आकडे गाडीशी जुळतात आणि तिथली जुनी मळी अस्सल आहे. मागचा अ‍ॅक्सल बारा बोल्टचा. "ठीक," असा आवाज आला. मग स्टार्टरच्या वर, ब्लॉकच्या कुशीत, तारेच्या ब्रशने घासलं. ब्लॉक ओतताना साच्यातूनच उठलेली तारीख असते, ती खोडून बदलणं सोपं नाही. डी ९ ०.

डी म्हणजे एप्रिल. ब्लॉक ओतला ९ एप्रिल १९७० ला. माथ्यावर छाप ११ मार्चचा.

तो बाहेर आला नाही लगेच. फोटो काढले, मोजपट्टी धरून पुन्हा काढले.

दुपारी १२.३०
कारखान्याचा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याचा कागद, बहुधा पेट्रोल टाकीच्या वर चिकटलेला राहायचा. कॅमेऱ्याची नळी आत घातली. कागद आहे, पण गंजाने तपकिरी आणि उंदरांनी खाल्लेला. वाचण्यासारखं काही नाही. विकणाऱ्याने दाखवलेली फाइलमधली प्रत मात्र छान पिवळी, चारी कोपरे शाबूत. तपासनिसाने तिचाही फोटो घेतला. सँडविच पिकअपमध्ये बसून खाल्लं. त्याने घरून आणलं होतं, माझं नऊ डॉलरचं.

दुपारी १.४५
विकणाऱ्याला काय सांगणार, मला धाकधूक. तपासनिसाने तारीख दाखवली, बस्स. "ब्लॉक गाडीच्या नंतरचा आहे." तो माणूस बराच वेळ वाकून बघत राहिला. त्यानेही गाडी अशीच कुणाकडून तरी विकत घेतलेली. रागावला नाही. म्हणाला, "तेव्हा खालून बघायला कुणी सांगितलं नाही मला."

दुपारी ३.५०
पाँटिअ‍ॅकच्या घरी, जेवणाच्या टेबलावर अहवाल. 'बनावट' हा शब्द तो कधीच लिहीत नाही. लिहिलं: ब्लॉकची ओतीव तारीख बॉडीच्या तारखेनंतरची, छापाच्या जागेवरच्या रेघा कारखान्याच्या रेघांशी विसंगत, गिअरबॉक्स या गाडीचा, एलएस-६ असल्याचा ग्राह्य कागद नाही. मी किंमत विचारली. "साठ हजार. त्यातले काही रंगाचे." नुसतं बदललेलं इंजिन असतं तर लोकांनी अजून दिले असते, छाप पाडल्यामुळे बाकी गाडीवरही संशय येतो, हे त्याचं म्हणणं.

संध्याकाळी ५.४०
मित्राचा फोन. सगळं ऐकून घेतलं. दोन क्षण थांबून म्हणाला, "बरं, साठला देतोय का तो?"