चट्टा कोपरावर, दुखणं टाचेत

कोपरावर पांढुरके पापुद्रे सुटणारा लालसर चट्टा आहे. फुल बाह्यांचा शर्ट घातला की तो दिसत नाही. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकते, तर तुम्ही चप्पल बदलता. त्वचेच्या डॉक्टरांना टाचेचं सांगत नाही आणि हाडांच्या डॉक्टरांना चट्टा दाखवत नाही. सोरायटिक आर्थ्रायटिस निसटतो तो इथेच. ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, म्हणून त्वचेवर सोरायसिस आणि सांध्यांत सूज. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. लपवाछपवी चालते ती लग्न जमवण्याच्या धास्तीने. सोरायसिस असलेल्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत लोकांचे सांधे धरतात, बहुतेकदा चट्ट्यांनंतर काही वर्षांनी. तिशी ते पन्नाशीत जास्त, पण विशीतही होतो. गोल्फपटू फिल मिकेल्सनला २०१० मध्ये झाला, तेव्हा तो चाळिशीत होता.

ओळखायचा कसा? अख्खं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजतं. इंग्रजीत त्याला सॉसेजची उपमा देतात. आपल्या जळगावात वेलची केळं म्हटलं की पुरे. नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खड्डे पडतात, त्याला आपण बुरशी समजतो. सकाळी अर्धा तास तरी अंग आखडलेलं राहतं आणि हालचाल केल्यावर मोकळं होतं. डोक्यातला हट्टी 'कोंडा'ही कधीकधी सोरायसिसच असतो.

रक्तातला आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सुटलो, असं समजू नका. या आजारात तो बहुधा निगेटिव्हच येतो. (आणि वांगं खाल्ल्याने हा होतो याला पुरावा नाही. भरीत बिनधास्त खा.)

उशीर मात्र महागात पडतो. सहा महिन्यांच्या दिरंगाईनेही सांधा कायमचा झिजू शकतो, बोटं वाकडी होऊ शकतात. शिवाय हृदयविकार, मधुमेह, नैराश्य यांचा धोका वाढतो. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून थेंब आणू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ओपीडीत चट्टा, नखं, टाच तिन्ही दाखवा. मेथोट्रेक्झेट लिहून दिलं, तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.