जपानी फुलदाणी : काही रूढ समज आणि त्यांची शहानिशा

परंपरागत पद्धतीने हाताने घडविलेल्या जपानी फुलदाण्यांचा संग्रह करण्याची आवड ज्याच्या मनात एकदा रुजली, त्याच्या वाट्याला मृत्तिका, अग्नी आणि मानवी श्रम यांच्या संयोगाचे एक गंभीर व आनंददायक अध्ययन येते. परंतु या अध्ययनाच्या उंबरठ्यावरच कित्येक ऐकीव समज ठाण मांडून बसलेले असतात, आणि त्यांच्या आहारी गेलेला संग्राहक पैशाला तर मुकतोच, पण ज्या कारागिराच्या कौशल्यासाठी त्याने ती वस्तू विकत घेतली त्याच्यावरही अन्याय करून बसतो. या सर्व समजांच्या मुळाशी एकच अपेक्षा असते : एखादी मोहोर, एखादे बिरुद, एखादा वाकडा काठ असा काही एकच पुरावा हाती लागावा, की प्रत्यक्ष वस्तू निरखण्याची जबाबदारीच उरू नये. असा एकमेव पुरावा अस्तित्वात नाही, हे पुढील मुद्द्यांच्या शहानिशेतून दिसून येईल.

गैरसमज : वाकडेपणा, तडा आणि खडबडीतपणा हीच अस्सलपणाची खूण होय.

वस्तुस्थिती : सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्याच्या आरंभी जपानी चहाविधीच्या आचार्यांनी इगा, शिगाराकी आणि बिझेन येथील ओबडधोबड पात्रांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यापासून हा समज उगम पावला आहे. फुरुता ओरिबे (१५४४–१६१५) या सरदार-चहाचार्याचे नाव ज्या अभिरुचीशी कायमचे जोडले गेले, तिच्यात समतोल मोडण्याला मानाचे स्थान होते, ही गोष्ट खरी. पण तो समतोल ज्याला साधता येत होता अशाच हाताने तो मोडलेला असे. चाकावर सरळ उभारलेला देह नंतर हेतुपुरस्सर दाबला जाई, त्यावर पात्याने छेद घेतले जात, दोन्ही अंगांना कान जोडले जात, आणि हे सर्व केल्यावरही पात्राचा तोल ढळत नसे. दुसरीकडे त्याच देशातील आरिता येथे काकिएमोन घराण्याने दुधासारख्या शुभ्र चिनी मातीवर मोजकी, नाजूक चित्रे रेखण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, आणि तिच्यात काठाचा किंचितसा कलही दोष मानला जातो. तेव्हा वाकडेपणा हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. तो कोणत्या परंपरेत, कोणत्या हेतूने आला हे पाहावे लागते. फुलदाणी हाती घेतल्यावर तिचे वजन खालपासून वरपर्यंत कसे विभागले आहे, बूड कसे कापले आहे, तोंड पाण्याला व देठांना सामावून घेते की नाही, या तीन गोष्टी वाकड्या काठापेक्षा कितीतरी अधिक बोलक्या असतात.

गैरसमज : झिलई न दिलेली फुलदाणी कच्ची असते, आणि तिच्यावरील रंग हा निव्वळ दैवयोग असतो.

वस्तुस्थिती : या समजाचे निराकरण करण्यास ओकायामा प्रांतातील बिझेनचे उदाहरण पुरेसे आहे. भातशेतांच्या तळाशी सापडणारी तेथील लोहयुक्त चिकण माती मुख्यतः पाइनच्या लाकडावर दहा ते चौदा दिवस भाजली जाते आणि तापमान १२०० अंश सेल्सियसच्या वर नेले जाते; या उष्णतेत मातीचे कण परस्परांत वितळून इतके घट्ट होतात की पात्र दगडासारखे कठीण बनते. आपल्या परिचयाचा मातीचा माठ याहून पुष्कळच कमी आचेवर भाजलेला असतो, म्हणून तो पाझरतो आणि पाणी गार करतो. बिझेनची फुलदाणी त्या जातीची नव्हे.

तिच्यावरील रंग कुंचल्याने लावलेला नसतो, पण म्हणून तो आकस्मिकही नसतो. भट्टीत उडणारी राख पात्राच्या खांद्यावर बसून वितळली, म्हणजे तिच्यातील क्षार मातीतील सिलिकेशी मिळून काचेसारखे ठिपके तयार होतात. त्यांना तिळाच्या नावावरून ‘गोमा’ म्हणतात. भाताच्या पेंढ्याच्या काड्या गुंडाळून पात्र भाजले असता पेंढ्यातील पोटॅश आणि मातीतील लोह यांच्या संयोगाने तांबड्या-नारिंगी रेषा उमटतात, ती ‘हिदासुकी’. एका पात्रावर दुसरे लहान पात्र किंवा मातीची चकती ठेवल्याने जेथे राख पोचत नाही, तेथे जो वाटोळा फिकट डाग उरतो तो ‘बोतामोची’. आणि निखाऱ्यांत व राखेत गाडल्या गेलेल्या भागाला प्राणवायू कमी मिळाल्याने जी निळसर करडी छटा येते ती ‘सांगिरी’. कोणते पात्र अग्नीसमोर, कोणते मागे, कोणते आडवे निजवून ठेवायचे याचा आराखडा कुंभार आधीच योजतो. भट्टी लावण्याची ही विद्याच त्याच्या आयुष्याची कमाई असते. जुन्या काळातील या विद्येचे पुनरुज्जीवन करणारे कानेशिगे तोयो (१८९६–१९६७) यांना १९५६ साली राष्ट्राचा सर्वोच्च कारागिरी-सन्मान मिळाला, तो याच साधनेसाठी.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. शिगाराकी व इगा येथील खरखरीत, फेल्डस्पारच्या खड्यांनी भरलेल्या मातीच्या काही फुलदाण्या आरंभी किंचित पाझरतात. वापरण्यापूर्वी त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि पहिले काही दिवस खाली ताटली ठेवावी. एवढ्यावरून त्यांना सदोष ठरविणे अन्यायाचे होईल.

गैरसमज : हस्तनिर्मित म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत एकाच माणसाने, लाकडाच्या भट्टीतच केलेले काम.

वस्तुस्थिती : आरितासारख्या ठिकाणी आकार देणारा, बाह्यरेषा काढणारा, रंग भरणारा आणि भट्टी सांभाळणारा हे बहुधा वेगवेगळे कारागीर असतात, आणि घराण्याच्या नावावर जाणारी वस्तू त्या सर्वांच्या सहकार्याची असते. क्योतो शहरात वायुप्रदूषणावरील निर्बंधांमुळे डोंगरउतारावरील जुन्या भट्ट्या विझल्या आणि तेथील उत्तमोत्तम कुंभारांनी गॅस व वीज यांचा स्वीकार केला. त्यामुळे त्यांची परंपरा संपुष्टात आली नाही. परंपरागत हस्तोद्योगांविषयीच्या १९७४ सालच्या जपानी कायद्यानेही प्रत्येक क्रिया हाताने झाली पाहिजे अशी अट घातलेली नाही; मुख्य प्रक्रिया हाताची असावी, तंत्र व साहित्य साधारण शंभर वर्षांच्या परंपरेचे असावे, आणि वस्तू नित्याच्या उपयोगाची असावी, असे त्याचे निकष आहेत.

गैरसमज : बुडाशी मोहोर असली म्हणजे फुलदाणी अस्सल, नसली म्हणजे नक्कल.

वस्तुस्थिती : लोककलेच्या चळवळीतील अग्रणी हामादा शोजी (१८९४–१९७८) हे माशिको येथील आपल्या पात्रांवर नाव घालीत नसत. पात्र स्वतःच आपला परिचय देईल, अशी त्यांची धारणा होती. त्यांची स्वाक्षरी आढळते ती पात्र ठेवण्याच्या लाकडी पेटीवर. उलटपक्षी, आरिताच्या कित्येक जुन्या पात्रांच्या बुडाशी मिंग वंशातील चिनी सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव लिहिलेले असते. तो चिनी नमुन्यांविषयीचा आदर आणि त्या काळचा प्रघात होता. त्यावरून ते पात्र चीनमधील किंवा पंधराव्या शतकातील ठरत नाही. सात्सुमा म्हणून निर्यात झालेल्या सोनेरी फुलदाण्यांवर सात्सुमा प्रांताच्या शिमाझू सरदारांचे वर्तुळातील क्रुसाचे चिन्ह दिसते. परंतु अशा वस्तू क्योतोसारख्या दूरच्या शहरांतही मोठ्या प्रमाणावर तयार होत होत्या. ‘इमारी’ हे नाव तर भट्टीचे नसून ज्या बंदरातून आरिताचा माल गलबतांवर चढे त्या बंदराचे आहे.

‘निप्पॉन’ हा रोमन लिपीतील शिक्का अतिप्राचीनतेचा दाखला आहे, अशी समजूतही पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः अमेरिकेच्या १८९० सालच्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक केले, त्यामुळे १८९१ पासून हा शिक्का वापरात आला, आणि १९२१ मध्ये अमेरिकी जकात खात्याने ‘जपान’ हेच इंग्रजी नाव हवे असे ठरविल्यावर तो मागे पडला. म्हणजे हा शिक्का जकातीच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे. सौंदर्याची सनद नव्हे.

गैरसमज : लाकडी पेटी हे केवळ वेष्टन आहे, ते टाकून दिले तरी चालते.

वस्तुस्थिती : किरी नावाच्या हलक्या, दमटपणाला न जुमानणाऱ्या लाकडाची ही पेटी कुंभाराने स्वतः करवून घेतलेली असेल, तर तिच्या झाकणावर पात्राचा प्रकार व आपले नाव तो शाईने लिहितो आणि तांबडी मुद्रा उमटवितो. अशा पेटीला ‘तोमोबाको’ म्हणतात. कुंभाराच्या पश्चात त्याच्या वारसाने किंवा मान्यवर पारख्याने साक्ष लिहिलेली पेटी वेगळी, आणि तिचे वजनही वेगळे. पेटी हरवली की वस्तूची किंमत पुष्कळ घटते, ती या साक्षीमुळे. तथापि पेटी आणि पात्र ही दोन स्वतंत्र वस्तू असल्याने एकाची पेटी दुसऱ्याला जोडणे अशक्य नाही. म्हणून पात्र आत नेमके बसते काय, लिहिलेला प्रकार आणि आतील वस्तू यांचा मेळ आहे काय, याची खातरजमा करावी.

गैरसमज : शासनाने किंवा थोर तज्ज्ञाने मान्यता दिली की प्रश्न कायमचा मिटला.

वस्तुस्थिती : जपानी मृत्कलेच्या इतिहासातील एक प्रकरण प्रत्येक संग्राहकाने मुळापासून समजून घेण्यासारखे आहे. कोयामा फुजिओ हे त्या विषयातील अत्यंत आदरणीय अभ्यासक; सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, ताम्बा आणि बिझेन यांना ‘सहा प्राचीन भट्ट्या’ हे आज सर्वतोमुखी झालेले नाव त्यांनीच दिले. सांस्कृतिक संपत्तीच्या शासकीय खात्यात अधिकारपदावर असताना त्यांच्या शिफारशीने १९५९ साली सेतो पद्धतीची एक उंच सुरई ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती’ म्हणून घोषित झाली, तिच्यावर इ.स. १२९४ शी जुळणारे एइनिन कालगणनेचे दुसरे वर्ष कोरलेले होते. थोड्याच अवधीत शंकाकुशंका निघाल्या, आणि १९६० मध्ये काटो तोकुरो या विलक्षण प्रतिभेच्या कुंभाराने ती सुरई आपणच घडविल्याचे जाहीर केले. क्ष-किरणांच्या साहाय्याने झिलईचे पृथक्करण केले असता ती खऱ्या जुन्या तुकड्यांच्या झिलईशी जुळेना. १९६१ साली घोषणा रद्द करण्यात आली आणि कोयामांनी पदत्याग केला.

या घटनेवरून तज्ज्ञ निरुपयोगी असतात, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. कोयामांची विद्वत्ता खरी होती आणि काटोंचे कौशल्यही खरे होते. खोटे होते ते एकट्या कोरीव तारखेवर टाकलेले ओझे. जेव्हा मातीची, झिलईची व भट्टीतील तुकड्यांची साक्ष घेतली गेली तेव्हाच सत्य बाहेर आले, आणि शासनाने स्वतःचा निर्णय उघडपणे मागे घेतला, हे त्या व्यवस्थेला भूषणावह आहे.

‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ या लोकप्रिय बिरुदाविषयीही असाच खुलासा हवा. १९५० च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्यात १९५४ साली दुरुस्ती झाली, आणि १९५५ मध्ये हामादा शोजी, तोमिमोतो केनकिची, इशिगुरो मुनेमारो व आराकावा तोयोझो या चार कुंभारांना पहिला मान मिळाला. कायद्याच्या भाषेत हा मान विशिष्ट तंत्राच्या धारकाला दिला जातो; त्याच्या हातून निघालेल्या प्रत्येक फुलदाणीला नव्हे. शिवाय असे बिरुद नसलेला कुंभार दुय्यम ठरत नाही. कावाई कानजिरो (१८९०–१९६६) यांनी हा सन्मान नाकारला, आणि त्यांच्या पात्रांचे मोल तसूभरही कमी झाले नाही.

गैरसमज : ही परंपरा सर्वस्वी जपानी भूमीत, बाहेरच्या संपर्कावाचून उपजली.

वस्तुस्थिती : जपानचा तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर केलेल्या स्वाऱ्यांत तेथील असंख्य कुंभार जपानात आणले गेले. आरिताची चिनी माती, सात्सुमाची आणि हागीची पात्रे यांच्या मुळाशी या परक्या भूमीत रुजविल्या गेलेल्या माणसांचे हात आहेत. सात्सुमातील चिन जुकान घराण्याने आपले कोरियन नाव शतकानुशतके जतन केले, आणि त्याच्या बाराव्या पुरुषाच्या भव्य फुलदाण्या १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात झळकल्या. सौंदर्याचा आस्वाद घेताना या कष्टांचे विस्मरण होता कामा नये.

गैरसमज : सोन्याने सांधलेली फुलदाणी अखंड फुलदाणीपेक्षा मोलाची असते.

वस्तुस्थिती : तुकडे जोडतो तो उरुशी हा वृक्षाचा रस, सोन्याची पूड सरतेशेवटी वर भुरभुरली जाते. हा रस दमट, उबदार हवेत सावकाश घट्ट होतो, म्हणून अस्सल दुरुस्तीला कित्येक आठवडे लागतात. ऐतिहासिक चहापात्रावरील अशा सांध्याला मान असतो. आधुनिक फुलदाणीची किंमत मात्र दुरुस्तीने साधारणतः घटतेच. रासायनिक गोंद व पितळी पूड वापरलेली कामेही बाजारात पुष्कळ येतात.

गैरसमज : संग्रहातील फुलदाणी रिकामी, कपाटातच शोभते.

वस्तुस्थिती : आज ज्या जुन्या पात्रांना उत्कृष्ट फुलदाण्या म्हणून गौरविले जाते, त्यांतील कित्येक मुळात फुलदाण्या नव्हत्याच. शिगाराकीचे ‘उझुकुमारु’ नावाचे बसके छोटे रांजण शेतकऱ्यांच्या घरी धान्य-बियाण्यासाठी वापरले जात. चहाचार्यांनी त्यांत फुले ठेवली आणि त्यांचे रूप जगाला दाखविले. झिलईविरहित पात्र फुले ठेवण्यापूर्वी ओले केले म्हणजे त्याच्या मातीचे खरे रंग उजळतात, आणि ते पाहिल्यावाचून त्या पात्राची ओळखच पुरी होत नाही.

आपल्याकडील जिज्ञासूला आरंभ करावयाचा असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या पूर्व आशियाई कलावस्तू त्याने प्रथम निवांतपणे पाहाव्यात. खरेदीची वेळ येईल तेव्हा मोठ्या नावामागे न धावता, हयात असलेल्या एखाद्या कुंभाराचे प्रामाणिक, पेटीसह मिळणारे लहानसे काम घ्यावे आणि ते रोज वापरावे. कारण भट्टी पेटती राहते ती आजच्या कुंभाराच्या वस्तूला आज गिऱ्हाईक मिळते म्हणून. मोहोर, पेटी, बिरुद आणि वय हे सारे साक्षीदार आहेत, त्यांची जबानी अवश्य घ्यावी. परंतु निवाडा करण्याचा अधिकार माती, घडण आणि अग्नी यांचे संस्कार ओळखू लागलेल्या आपल्या नजरेचा आहे, आणि तो दुसऱ्या कोणाच्या हवाली करू नये.