उसाच्या मुळांतील सूत्रकृमी

बीदर जिल्ह्यात भालकी-हुमनाबादच्या बाजूस आणि कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यात, अफझलपूरकडे भीमेच्या काठी ऊस मोठ्या प्रमाणावर होतो. लागणीचे पीक जोमदार येते. पण खोडव्यात कधी कधी चट्टे पडतात. तेवढ्याच जागेतील ऊस खुजा, पाने पिवळट, फुटवे थोडे. जमिनीचा कस गेला असे समजून शेतकरी युरियाचे आणखी एक पोते रिकामे करतो. ऊस होता तसाच राहतो. पोत्याचे पैसे मात्र गेलेले असतात.

अशा वेळी एक बेट खणून मुळे पाहावी, हे सहसा कोणाला सुचत नाही. सूत्रकृमी हा दोऱ्यासारखा जीव; लांबी बहुधा मिलिमीटरहूनही कमी, अंग पारदर्शक. तोंडातील सुईसारखा पोकळ काटा मुळाच्या पेशीत खुपसून तो रस शोषतो. एका जातीची मादी मुळात ठाण मांडते, तेथे गाठ धरते, आणि ती शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत महिनाभरात नवी पिढी तयार होते. दुसरी जात मुळाच्या सालीतून फिरते व मागे तांबूस-काळपट व्रण ठेवते. मुळेच झडल्यावर खत जवळ असूनही पिकाच्या तोंडी लागत नाही. खोडव्यात जुनी मुळे जमिनीतच असल्याने कृमींचे आयतेच फावते. हलक्या जमिनीत तर विशेष.

वांग्याच्या मुळांवर या गाठी ठसठशीत दिसतात. उसावर त्या बारीक व मुळांच्या टोकाशी असतात, म्हणून नजरेतून सुटतात. यासाठी चट्ट्यातील मुळांजवळची माती कुंडीत भरून तीत टोमॅटोचे रोप लावावे. सहा आठवड्यांनी ते अलगद उपटून मुळे धुवावी. गाठी दिसल्या, तर संशय खरा. व्रण करणारी जात या परीक्षेत सापडत नाही. तिच्यासाठी ओली माती व मुळे कृषी विज्ञान केंद्रास किंवा रायचूरच्या कृषी विद्यापीठास दाखवावी.

परीक्षेवाचून कृमींवर आळ घेणेही बरे नव्हे. जाव्हा बेटात उसाच्या 'सेरे' रोगाचा शोध घेताना मेल्खिओर ट्रॉइब या डच वनस्पतिशास्त्रज्ञास 1885 साली मुळांत गाठी करणारे कृमी आढळले. रोगाचे खापर त्यांच्यावर फुटले. पुढे कारण निराळे असल्याचे दिसून आले. जाव्हाचे नाव मात्र त्या जातीला कायमचे चिकटले.

कृमी निश्चित झाले, तर खोडव्याचा लोभ सोडून फेरपालट करावी. येथे एक चूक हमखास होते. ऊस मोडून ज्वारी वा मका पेरतात. पण व्रण करणाऱ्या जातीला ही दोन्ही पिके उसाइतकीच मानवतात. टोमॅटो-वांगी गाठीवाल्या जातीस पोसतात. त्यापेक्षा ताग गाडावा, झेंडू घ्यावा. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी, आणि लागणीच्या सरीत निंबोळी पेंड घालावी. चट्ट्यात चाललेला नांगर मात्र धुतल्याशिवाय दुसऱ्या रानात नेऊ नये. त्याच्या फाळाला चिकटलेल्या ओल्या मातीतून कृमी शेजाऱ्याच्या उसातही पोहोचतात.