दोन सेकंदांच्या मागावर

१७ ऑगस्ट २०१७, श्रावणातला गुरुवार. गणपती यायला आठ दिवस उरले होते. संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती आणि सूर्य मावळायला अजून पाऊणएक तास होता. त्या क्षणी सांगली-साताऱ्याच्या नैर्ऋत्य आकाशात, क्षितिजापासून साधारण ३८ अंश वर, वासुकी तारकासमूहातली एनजीसी ४९९३ नावाची दीर्घिका होती. दिवसाच्या उजेडात ती दिसणं शक्य नव्हतं. रात्र असती तरी नुसत्या डोळ्यांना दिसली नसती, कारण ती १३ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. पण तिथून निघालेलं काहीतरी त्या मिनिटाला आपल्या अंगावरून गेलं. आधी एक गुरुत्वीय लहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. लहर जमिनीतून, माणसांतून, कृष्णेच्या पाण्यातून आरपार गेली. गॅमा किरण मात्र वातावरणाच्या वरच्या थरांतच जिरले. गॅमा किरणांचा झोत दोनेक सेकंदांत संपला.

या दोन सेकंदांना शास्त्रज्ञ अल्पकालीन गॅमा किरण स्फोट म्हणतात. ते पकडण्याची आणि त्यांचा माग काढण्याची एक विद्या गेल्या पन्नास वर्षांत उभी राहिली आहे. तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि आपल्या भागात तो फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात योगायोगाने झाली. अणुचाचण्यांवरच्या १९६३ च्या करारानंतर चोरून कोणी स्फोट करतं का हे पाहायला अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झटका नोंदवला, पण तो पृथ्वीवरून आलेला नव्हता. असे आणखी झटके जमल्यावर १९७३ मध्ये ही गोष्ट जगाला सांगितली गेली. पुढे १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने स्फोटांची जंत्रीच केली. त्या जंत्रीतून १९९३ मध्ये क्रिसा कुवेलिओटू आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या स्फोटांची दोन घराणी आहेत. एक दोन सेकंदांपेक्षा लांब चालणारं आणि दुसरं त्याहून आखूड. एवढं कळूनही मूळ प्रश्न तसाच होता. हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या आसपास होतात की विश्वाच्या दूरच्या टोकाला? या प्रश्नावर एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनला जाहीर वादविवाद झाला आणि निकाल लागला नाही.

निकाल लागला तो १९९७ मध्ये, आणि त्या निकालाशी कृष्णाकाठच्या एका गावाचं नाव जोडलेलं आहे. सांगलीहून नृसिंहवाडीला गेलं की पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड लागतं. जिल्हा कोल्हापूर, तालुका शिरोळ, पण सांगली-मिरजेसारखंच पटवर्धनांचं जुनं संस्थान. ४ ऑक्टोबर १९५६ रोजी या गावात श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म झाला. शाळा हुबळीला, पुढे दिल्लीची आयआयटी, मग बर्कले विद्यापीठ आणि नंतर कॅलिफोर्नियातलं कॅलटेक. त्यांच्यावर हक्क सांगण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या कृष्णेचं पाणी महाबळेश्वरला उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली करत वाडीला पंचगंगेला भेटतं, तिच्या काठी जन्मलेल्या माणसाने विश्वातल्या सर्वांत प्रखर स्फोटांचं अंतर ठरवायला हात लावला, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

घडलं ते असं. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली आणि नेदरलँड्सच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने एका स्फोटानंतर मागे उरलेली क्ष-किरणांची धग पहिल्यांदा पकडली. चूल विझवली तरी निखारे काही वेळ तापलेले राहतात. तसा गॅमा किरणांचा झटका संपला तरी त्या जागी क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरी काही तास, कधी काही महिने निघत राहतात. ८ मे १९९७ च्या पुढच्या स्फोटाची धग मावळण्याआधी मार्क मेट्झगर, कुलकर्णी आणि त्यांच्या गटाने हवाईच्या केक दुर्बिणीतून तिचा वर्णपट घेतला. त्यात लोह आणि मॅग्नेशियमच्या रेषा आपल्या नेहमीच्या जागेवरून लाल टोकाकडे खूप सरकलेल्या होत्या. त्या सरकण्यावरून स्फोटाचं अंतर अब्जावधी प्रकाशवर्षं निघालं आणि तीस वर्षांचा वाद मिटला. त्याच स्फोटाच्या रेडिओ लहरी डेल फ्रेल आणि कुलकर्णी यांच्या गटाने टिपल्या, आणि या कामात रेडिओ दुर्बिणींनाही जागा मिळाली.

हा निकाल लांब स्फोटांचा होता. आखूड स्फोट आणखी आठ वर्षं निसटत राहिले, कारण त्यांची धग फार फिकी असते. २००४ च्या अखेरीला ‘स्विफ्ट’ उपग्रह गेला. स्फोट दिसताच तो स्वतःच मिनिट-दीड मिनिटात तिकडे वळतो. ९ मे २००५ रोजी त्याने एका अल्पकालीन स्फोटाची क्ष-किरण धग पहिल्यांदा पाहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी दोन स्फोटांची जागा नक्की झाली आणि त्या शोधनिबंधांतही कुलकर्णी होते. स्फोटाची एक जागा म्हाताऱ्या दीर्घिकेत निघाली, जिथे नवे तारे जन्मणं केव्हाच थांबलेलं आहे. म्हणजे हे तरुण, अजस्र ताऱ्याचं मरण नव्हतं. दोन न्यूट्रॉन तारे युगानुयुगे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि शेवटी आदळतात, हा अंदाज तेव्हा बळावला. त्याचा पक्का पुरावा मिळायला २०१७ चा तो श्रावणातला गुरुवार उजाडावा लागला.

आता भारताच्या यंत्राकडे येतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘ॲस्ट्रोसॅट’ उडाला. त्यावरच्या पाच उपकरणांपैकी एक म्हणजे कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर, थोडक्यात सीझेडटीआय. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि इस्रोची केंद्रं यांनी मिळून ते घडवलं. त्याची माहिती जमिनीवर येते बंगळूरजवळ, पण ती चाळून, तपासून शास्त्रज्ञांच्या हाती देण्याचं काम पुण्यात आयुकात चालतं. टीआयएफआरचे ए. आर. राव, आयुकाचे दीपंकर भट्टाचार्य, अहमदाबादचे संतोष वडवले आणि मुंबई आयआयटीचे वरुण भालेराव ही या यंत्राभोवतीची माणसं. उपग्रह विषुववृत्ताला फक्त सहा अंश कललेल्या कक्षेत, ६५० किलोमीटर उंचीवर फिरतो. सातारा-सांगलीच्या थेट डोक्यावर तो कधीच येत नाही.

यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे. चार सेंटीमीटर लांब-रुंद, पाच मिलिमीटर जाड अशा स्फटिकांच्या ६४ वड्या चार चौकटींत बसवल्या आहेत, दर चौकटीत सोळा. प्रत्येक वडीचे २५६ कप्पे, म्हणजे एकूण १६,३८४. गॅमा किरणाचा एक कण कुठल्या कप्प्यात, किती ऊर्जेने, कोणत्या क्षणी आदळला हे सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत नोंदलं जातं. वर टँटलम धातूचा भोकं पाडलेला पत्रा आहे आणि त्याच्या सावलीवरून समोरच्या ताऱ्याची जागा काढता येते. शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे किरण मात्र पत्रा आणि डबा दोन्ही भेदून कुठूनही आत येतात. त्यामुळे समोर पाहायला बनवलेलं हे यंत्र चहुबाजूंच्या स्फोटांवर नजर ठेवू शकलं. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते सुरू झालं आणि त्याच दिवशी त्याला पहिला स्फोट मिळाला.

स्फोट ओळखायचा कसा? माहितीचे तुकडे पाडतात, सेकंदाच्या दहाव्या भागाचे, एका सेकंदाचे, दहा सेकंदांचे, आणि प्रत्येक तुकड्यात किती कण आले ते मोजतात. आलेख अचानक उसळला की पहिला प्रश्न असतो, चारही चौकटींत एकाच वेळी उसळला का? एकाच चौकटीत उसळला असेल तर तो बहुधा यंत्राचाच गोंधळ. अल्पकालीन स्फोटाबाबत ही पारख फार अवघड होते, कारण एखादा वैश्विक किरण उपग्रहाच्या पत्र्यावर आदळला तरी कणांचा लोंढा उठतो, आणि तोही क्षणभरच. धान्यातले खडे निवडावेत तसं हे काम आहे. त्याला संगणक मदत करतो, पण शेवटचा निर्णय आलेख वाचणाऱ्या तरुण संशोधकांचा असतो. मला या साऱ्या साखळीत सर्वांत मोलाचं हेच वाटतं. पाच वर्षांसाठी पाठवलेल्या या यंत्राने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी नवव्या वर्षी आपला सहाशेवा स्फोट नोंदवला.

त्याची एक कमतरताही आहे. माहिती खाली यायला तास लागतात, त्यामुळे ‘आत्ता तिकडे बघा’ ही हाक ते देऊ शकत नाही. तरीही ते किती उपयोगी पडतं हे जानेवारी २०१७ मध्ये दिसलं. ४ जानेवारीला दोन कृष्णविवरांच्या टकरीची गुरुत्वीय लहर आली आणि ती आकाशाच्या ज्या पट्ट्यातून आली असावी, तिथे हवाईच्या दुर्बिणीला मावळत जाणारा एक ठिपका सापडला. अशा टकरीतून उजेड निघाला असता तर ती फार मोठी बातमी होती. सीझेडटीआयच्या नोंदीत लहरीनंतर सुमारे २१ तासांनी एक गॅमा स्फोट होता. भालेराव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो ठिपका या वेगळ्या स्फोटाची धग आहे आणि लहरीशी त्याचा संबंध नाही. खोटा माग वेळीच थांबवणं हेही या विद्येत तेवढंच मोठं काम आहे.

मग १७ ऑगस्टला काय झालं? त्या सेकंदाला ॲस्ट्रोसॅट पृथ्वीच्या आड होता. झटका टिपला ‘फर्मी’ उपग्रहाने. अकराएक तासांनी चिलीतल्या दुर्बिणीला नवा ठिपका सापडला. सोनं, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरीत घडतात हे त्याच्या बदलत्या रंगावरून पटलं. रेडिओ लहरी यायला सोळा दिवस लागले, आणि त्यानंतर कामाला आलं आपलं खोडद.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, २५ किलोमीटरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून त्या उभ्या राहिल्या. सह्याद्रीत पावसाळ्याचे चार महिने प्रकाशीय दुर्बिणीचा घुमट उघडता येत नाही. रेडिओ लहरींना ढगांची अडचण नाही. कुणाल मुळे, रेस्मी लक्ष्मी आणि इतरांनी खोडदच्या थाळ्या पुढचे कित्येक महिने एनजीसी ४९९३ कडे वळवल्या. लहरी मावळण्याऐवजी शंभरहून अधिक दिवस वाढत गेल्या, आणि त्यावरून कळलं की स्फोटाचा झोत नेमका आपल्या रोखाने नव्हता, बाजूने गेला होता. दर वेळी असं यश मिळत नाही. पूनम चंद्रा आणि डेल फ्रेल यांनी १९९७ पासूनच्या ३०४ स्फोटांचा रेडिओ हिशोब मांडला, त्यात जेमतेम एक तृतीयांशांची धग सापडली होती.

२०१८ मध्ये लडाखच्या हानले इथे, ४५०० मीटर उंचीवर, ग्रोथ-इंडिया ही ०.७ मीटरची दुर्बीण सुरू झाली. मुंबई आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची ही दुर्बीण माणसाशिवाय चालते. स्फोटाची सूचना आली की रात्रीच्या ठरलेल्या यादीतून बाजूला होऊन ती तिकडे वळते. अमेरिकेतल्या पालोमार डोंगरावर कुलकर्णींच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली झेडटीएफ ही यंत्रणा एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश टिपते. २६ ऑगस्ट २०२० च्या जेमतेम सेकंदभराच्या एका स्फोटाची धग तिने शोधली आणि मोठीच गंमत निघाली. त्या जागी काही आठवड्यांनी अतिनवतारा दिसला. म्हणजे आखूड स्फोट, पण मूळ कारण एका अजस्र ताऱ्याचं मरण. ११ डिसेंबर २०२१ ला नेमकं उलट घडलं. पन्नास सेकंदांचा लांब स्फोट आणि मागे टकरीचीच खूण, जी ओळखण्यात नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीचाही हात होता. दोन सेकंदांची रेघ आता पुसट झाली आहे. नुसतं घड्याळ पाहून घराणं ठरवता येत नाही, मागच्या धगीपर्यंत जावंच लागतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा हाच धडा आहे.

पुढची तयारी महाराष्ट्रातच चालू आहे. मुंबई आयआयटीच्या पुढाकाराने ‘दक्ष’ ही दोन उपग्रहांची योजना मांडली आहे. पृथ्वीच्या दोन बाजूंना एकेक राहिला तर २०१७ सारखा स्फोट आड राहणार नाही. गुरुत्वीय लहरींसाठी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होणार आहे. साताऱ्याच्या वाचकांनी नावावरून आपलं औंध समजू नये. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या यंत्रांना पुढची तीस वर्षं माणसं लागतील. आलेख वाचणारी, विजेची जोडणी जाणणारी, संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी. ही माणसं फक्त महानगरांतूनच यावीत असं काही नाही.

म्हणून सातारा-सांगलीच्या शिक्षकांना एक विनंती. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदला दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरतं आणि त्या दिवशी दुर्बिणी जवळून पाहता येतात. स्फोटाची पहिली धग सापडली तीही २८ फेब्रुवारीलाच. साताऱ्याहून पहाटे निघालं तर सकाळी तिथे पोचता येतं. सांगलीकरांना आदल्या रात्री निघावं लागेल. नववीच्या वर्गाची एक बस तेवढी काढा.