आजोबांच्या गोळ्या

चला, आज आपण नेवासे तालुक्यातील सोनई या गावी जाऊ. उसाचा आणि साखर कारखान्याचा हा परिसर. शनिशिंगणापूर येथून जवळच. समजा, येथील एका घरातील आजोबांना गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. उपचार झाले, आणि घरी येताना चार प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. दोन महिने त्या नेमाने घेतल्या. छातीत दुखेनासे झाले. मग आजोबा म्हणाले, "आता मी ठणठणीत आहे. गोळ्या कशाला?" आधी शनिवारच्या उपवासाला गोळ्या चुकल्या, पुढे रोजच चुकू लागल्या.

आजोबांचे चुकले कोठे? ताप उतरला की तापाची गोळी आपण थांबवतो. तोच नियम त्यांनी येथे लावला. पण हृदयाच्या रोहिणीत साचलेला मेद दुखणे थांबले म्हणून नाहीसा होत नाही.

अ‍ॅस्पिरिनचेच उदाहरण घ्या. रक्तातील बिंबाणू एकमेकांना चिकटले की गुठळी होते. हे औषध त्यांचा चिकटपणा कमी करते. ते कसे, याचा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता हिशोब करा. बिंबाणू सुमारे ८ ते १० दिवस जगतात. म्हणजे दररोज साधारण एक दशांश बिंबाणू नवे येतात, आणि त्यांच्यावर कालच्या गोळीचा परिणाम नसतो. पाच दिवस गोळी चुकली, तर निम्मे बिंबाणू पुन्हा चिकटायला मोकळे!

कोलेस्टेरॉलचेही तसेच. यकृत ते रोज तयार करते, म्हणून त्याला आवर घालणारी गोळीही रोजच हवी. हृदयाचे ठोके संथ ठेवणारी काही औषधे तर एकाएकी बंद केल्यास छातीतील दुखणे उलट बळावू शकते.

ही चूक एकट्या आजोबांची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ मधील अहवालानुसार प्रगत देशांतही दीर्घ आजाराचे सुमारे निम्मेच रुग्ण औषधे नेमाने घेतात. कारणे अनेक असतात: खर्च, अधू नजर, सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या गोळ्या, आणि कोणती गोळी कशासाठी हे ठाऊक नसणे. एकाच औषधाची दोन कंपन्यांची नावे वेगळी असल्याने कोणी ते दुप्पटही घेतो. यावर उपाय आहे का? भारतात व युरोपात झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनेक औषधे एकाच गोळीत एकत्र केली. तेव्हा नेमाने औषध घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६५ वरून ८६ टक्क्यांवर गेले. काम सोपे झाले की नेम टिकतो, हेच यातून दिसते.

तुम्हीही काम सोपे करू शकता. एका पुठ्ठ्यावर तक्ता आखा. गोळीचे नाव, ती कशासाठी आणि केव्हा, असे तीन रकाने करा. वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळी सूर्य, रात्री चंद्र काढा. तक्ता डॉक्टरांकडून तपासून घ्या. उपवासाच्या दिवशी काय करावे, गोळी चुकली तर काय करावे, हेही त्यांनाच विचारा. चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी एकदम दोन देऊ नका. स्वतः होऊन कोणतीही गोळी बंद करू नका वा बदलू नका. छातीत जोराची कळ आली, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एवढेच विचारा: "ही गोळी कशासाठी?" उत्तर मिळाले नाही, तर तक्त्याची पहिली ओळ तेथूनच सुरू करा.